सुनेला बोलवा

“हात काढ! मला नाही लावून घ्यायचं ते तोंडाला.”

सासूबाईंनी ऑक्सिजनचा मास्क असा भिरकावला की तो नळीसकट कॉटखाली लोंबायला लागला. नर्सनं तो उचलून पुसला. सासूबाईंच्या बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा आकडा हळूहळू उतरत होता.

“आई, मीच आहे हो. तुमची सून.”

“तुम्ही सगळ्या असंच म्हणता! माझी सून याच दवाखान्यात नर्स आहे. तिला बोलवा. ती म्हणाली तरच लावीन.”

डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, डोळ्यांवर जाड चष्मा, तोंडावर मास्क. आवाजही डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. सख्ख्या आईनं ओळखलं नसतं, तिथे सासूचं काय घेऊन बसलात! तिनं छातीवर मार्करनं लिहिलेलं नाव पुढे केलं.

“काल हेच नाव लावून एक ताडमाड बाई आली होती,” सासूबाई धापा टाकत म्हणाल्या. “माझी सून बुटकी आहे. मला काय खुळी समजता?”

तेही खरंच. नावं आधीच लिहून ठेवलेले पोशाख. काल घाईत ड्यूटीवरच्या उंच मैत्रिणीनं हिचाच अंगावर चढवला होता. आता काय सांगणार? आणि कोरोनाच्या वॉर्डात तोंड उघडं करायला सक्त मनाई.

“त्या कोपऱ्यातलीला हेच लावलंत,” सासूबाई कुजबुजल्या. “संध्याकाळी कॉट रिकामी! बघितलंय मी.”

“मग मला काहीही विचारा.”

“माझ्या मुलाचं नाव सांग.”

तिनं सांगितलं.

“हुं. ते तुमच्या कागदावर असतं. घरातल्यांनाच ठाऊक असेल, असं सांग.”

लग्नातले रुसवे, गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं चारचौघांना माहीत. फक्त घरातली अशी एकच गोष्ट होती, आणि ती कुणापुढे काढायची नाही, असं तिनं देवासमोर ठरवलं होतं. आकडा आणखी खाली गेला. मनोमन देवाची क्षमा मागून ती वाकली.

“ड्यूटीवरून आले की माझं ताट मागच्या पायरीवर असतं. उपड्या बादलीवर, झाकून ठेवलेलं. मी फाटक वाजवलं की आतून दाराला कडी लागते. मी जेवत असते तेव्हा खिडकीचा पडदा हलतो.”

सासूबाईंचं तोंड उघडंच राहिलं. जाड चष्म्यामागचे डोळे त्या बराच वेळ शोधत राहिल्या.

“हळू बोल गं,” त्या म्हणाल्या. “लोक ऐकतात.”

मास्क जवळ आला तसं त्यांनी तिचं मनगट धरलं. या वेळी ढकललं नाही.

“पडद्याआड मी असायची. खोकतेस का, ते बघायची. पण कडी... कडी मी नाही लावत.”

घरात तिसरं माणूस एकच होतं. रोज कामावर निघताना फाटकापर्यंत सोडायला येणारं, ‘जपून गं’ म्हणणारं. म्हातारी खरं बोलतेय, की मरणाच्या भीतीनं लेकावर ढकलतेय? चष्म्यातून तिला त्यांचा चेहराही धड दिसेना.

तिनं मास्क नाकातोंडावर नीट बसवला, पट्टा मागे ओढला.

“काचत नाही ना?”

सासूबाईंनी मान हलवली. पट्ट्याखाली एक पांढरी बट अडकली होती. ती तिनं हातमोज्याच्या जाड बोटांनी अलगद सोडवली आणि पुढच्या कॉटकडे वळली.