शेळी नावाची पहिली गाडी

मित्रांनो, मी उभी असते त्या गॅरेजात समोरच्या भिंतीवर हत्यारे टांगायची फळी आहे. त्या फळीवर, पान्यांच्या आणि पकडींच्या ओळीत, एका खिळ्याला एक पत्र कितीतरी दिवस अडकवलेले होते. मिस्त्री रोज सकाळी ते काढायचे, ओठ हलवत वाचायचे आणि पुन्हा खिळ्याला लावायचे. उत्तर मात्र काही जात नव्हते. ते पत्र मला तोंडपाठ झाले होते आणि त्याचे उत्तरही मला ठाऊक होते. पण मला विचारतो कोण?

मी एक जुनी मोटारसायकल आहे. डांबरी रस्त्यापेक्षा माती, दगड आणि चिखल यांत रमणारी. आजकालची मुले जिला डर्ट बाईक म्हणतात, ती. माझे इंजिन लहान आहे. गादी बुटकी. दिवा आणि नंबर आहेत, पण ऐट म्हणून काही नाही. आवाज असा की लांबून ऐकणाऱ्याला वाटावे, कोणीतरी शिवणयंत्र चालवते आहे. म्हणून गॅरेजात मला शेळी म्हणतात. मला बोलायची सवय नाही, आणि हे सगळे मला नीट सांगता येईल अशी खात्रीही नाही. तरी सांगते, चुकले तर पदरात घ्या.

पत्र मिस्त्रींच्या भाचीचे होते. ती जनावरांची डॉक्टर. नुकतीच डोंगराळ भागात नोकरीला लागली होती. तिथे वाड्यावस्त्या लांब, रस्ते मातीचे, आणि दवाखान्याची जीप एकच. तीही नेहमी भलतीकडेच गेलेली. फोनला रेंज नाही, आणि असती तरी मामा फोनवर ‘हं’च्या पुढे जात नाहीत, म्हणून तिने कागदावर लिहिले होते. एका वस्तीवर गाय अडली होती. जीपची वाट पाहून ती शेवटी चालत निघाली. ‘मी पोचले तेव्हा वासरू गार झालं होतं,’ एवढेच तिने त्याबद्दल लिहिले होते. पुढे लिहिले होते, ‘मामा, मला गाडी हवी. मी कधी चालवलेली नाही. पैसे बेताचेच आहेत. इथे सगळे म्हणतात, घ्यायची तर मोठीच घे, पुन्हा पुन्हा घेणं होत नाही. तू सांगशील ती घेईन.’

शेवटच्या चार शब्दांनीच घोटाळा केला होता. मिस्त्रींची थोरली बहीण, म्हणजे त्या मुलीची आई, जवळच राहते. तिला ते अक्का म्हणतात. अक्काने पत्र वाचले आणि भावाला एवढेच म्हणाली, "तू घे म्हणालास तर ती घेईल, नको म्हणालास तर नाही घेणार. म्हणून तू काहीच म्हणू नकोस."

मिस्त्री मुळात अबोल. त्यात अक्का म्हणजे आईच्या जागी. ते गप्प बसले. इकडे आड, तिकडे विहीर. भाची पडली, हात मोडला, तर आपण सांगितले म्हणून. आणि दुसरे वासरू गेले, तर आपण सांगितले नाही म्हणून.

आता माझ्याविषयी थोडे. कारखान्यातून निघाले तेव्हा मला वाटले होते, लोक माझ्यासाठी रांगा लावतील. दुकानात मला दोन थोराड गाड्यांच्या मधे उभे केले. गिऱ्हाइके त्यांच्या टाक्यांवरून हात फिरवत आणि माझ्याकडे बघून म्हणत, "हे यांचं पिल्लू का?" शेवटी दगडाच्या खाणीवर मोजणी करणाऱ्या एका माणसाने मला नेले. तो हौशी नव्हता. त्याला चढावर बंद न पडणारी आणि तहान कमी असलेली गाडी हवी होती. त्याच्या हाताखाली मी चढ शिकले, घसरण शिकले, आणि ओझे पाठीवर घेऊन हळू चालणे शिकले. हळू चालणे ही विद्या आहे, मित्रांनो. जोरात कोणतीही गाडी जाते. पायी चालणाऱ्या माणसाच्या गतीने, न अडखळता, ओल्या दगडांवरून जाऊन दाखवावे, मग मी मानेन.

खाण बंद पडल्यावर मी मिस्त्रींकडे आले. गॅरेजामागे वीटभट्टीवाल्यांनी माती काढून सोडून दिलेला एक मोठा खड्डा आहे. तिथे मिस्त्री नवशिक्यांना शिकवत आणि प्रत्येकाला पहिल्यांदा माझ्यावर बसवत. नाके मुरडली जायची. "मिस्त्री, शेळीवर बसवता का आम्हाला?" मग माझ्यावर बसून पडायचे, माझ्यावरच बसून उठायचे, आणि एक दिवस खड्ड्याचा काठ चढून वर आले की माझ्या टाकीवर थाप मारायचे. त्या थापांनी टाकीचा रंग गेला आहे. लोक म्हणतात रंग उडालाय. मी त्याला बक्षीस म्हणते.

थाप मारून झाली की ते मोठ्या गाड्या घ्यायचे आणि मला विसरायचे. ते रीतीलाच धरून होते. पण पुढे नवशिकेही थेट मोठ्या गाड्यांवर बसू लागले. माझ्या पुढच्या चाकातली हवा गेली. गादीवर कोणीतरी रिकामे डबे ठेवू लागले. मी खोटे बोलणार नाही, त्या दिवसांत मला वाटे की आपल्याला येत होते ते सगळे साधेच होते. कोणालाही आले असते.

उत्तर येत नाही म्हणताना एका दुपारी भाची स्वतःच आली. बरोबर गाड्यांचा एक दलाल होता आणि त्याच्या टेम्पोत एक मोठी लालभडक गाडी. जुनी, पण पुसूनपुसून नवरीसारखी सजवलेली. दलालाचे तोंड म्हणजे पाण्याचा नळ. शर्यतीत पळालेली गाडी आहे, मालकाला परदेशी जायचे आहे, एवढ्या पैशात एवढी मोठी गाडी म्हणजे लॉटरीच, असे त्याचे चालले होते. भाचीने मामांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "पत्राला उत्तर नाही दिलंस ते राहू दे. निदान गाडी तरी बघ."

मिस्त्रींनी नेहमीचा नियम पुढे केला. आमच्या गॅरेजाचा हा जुना रिवाज आहे: घ्यायची ती गाडी आधी जमिनीवर आडवी करायची आणि एकट्याने उभी करायची. जिला उचलता येत नाही ती गाडी आपली नव्हे. हा नियम सांगितला की त्यांना बोलावे लागत नसे, वजनच बोलायचे. मी पाहिले, त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा भाव होता. मुलगी किरकोळ अंगाची. लाल गाडी उचलणे तिच्या बापजन्मात शक्य नव्हते.

भाचीने लाल गाडी आडवी केली. मग तिच्याकडे पाठ करून खाली बसली, एका हाताने हँडल धरले, दुसऱ्याने मागची दांडी, आणि पायांवर जोर देत पाऊल पाऊल मागे सरकत ती अख्खी गाडी उभी केली. हात झटकत म्हणाली, "बसलेली गाय उठवावी लागते, मामा. पाठ नाही वापरायची, पाय वापरायचे."

दलाल खूश झाला. मिस्त्री भिंतीकडे बघू लागले. एवढी वर्षे त्यांनी त्या एका नियमावर निवाडे दिले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा नियम पास झाला होता आणि गाडी चुकीचीच होती. हे त्यांना कळत होते, मला कळत होते. पण ‘का’ ते सांगायला शब्द लागतात, आणि तेच तर त्यांच्याकडे नव्हते.

सगळे खड्ड्यात गेले. मिस्त्रींनी माझ्या चाकात हवा भरून मलाही ढकलत आणले, सवयीने असेल. त्यांनी भाचीला क्लच, ब्रेक, गिअर दाखवले, आपले हेल्मेट तिच्या डोक्यावर घट्ट बसवले. लाल गाडीवर बसल्यावर तिचे जेमतेम अंगठे जमिनीला टेकत होते. तिने मूठ जराशी पिळली आणि गाडी कुत्रा मागे लागल्यासारखी सुटली. पडली. उठवली. पुन्हा बसली, गाडी बंद पडली. पुन्हा सुटली, पुन्हा पडली. दर वेळी तिने ती उचलली. दर वेळी थोडी हळू. दलाल काठावरून सांगत होता, हात बसेल, हळूहळू हात बसेल. मी तिचे डोळे पाहत होते. ते हँडलवरून हलतच नव्हते. पुढे वाट आहे की दगड आहे की मामा उभे आहेत, तिला काही दिसत नव्हते. गाडीला सांभाळण्यातच ती खर्ची पडत होती.

शेवटी ती घामाघूम होऊन म्हणाली, "घेते मी ही. दुसरं कोणी काही सांगतच नाही तर काय करू?"

तेव्हा मिस्त्री माझ्याजवळ आले. गादीवरची धूळ बाहीने पुसली आणि किक मारली. मित्रांनो, किती महिने मी झोपून होते कोण जाणे; पण तेव्हा मी पहिल्या किकला चालू झाले. आजही ते आठवले की माझी साखळी ताठ होते.

माझ्यावर भाचीचे दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले. तिने मूठ पिळली, मी निघाले. फार नाही, शेळीइतकीच. ती माझ्यावरूनही पडली, हे सांगायला हवे. चिखलाच्या वळणावर सगळेच पडतात. पण ती हसत उठली, मला एका झटक्यात उभे केले आणि पुन्हा बसली. काही फेऱ्यांनी मला जाणवले की माझ्या हँडलवर आता कोणाची नजर नाही. ती वर होती, पुढे होती. मिस्त्रींजवळ येऊन ती थांबली आणि विचारले, "मामा, त्या पलीकडच्या काठावर चढायला वाट कुठून आहे?"

लाल गाडीवर असताना तिचे सगळे लक्ष गाडीतच होते. आता ती वाटेबद्दल विचारत होती. मिस्त्रींनी बोट दाखवले. आणि त्याच काठावर, त्यांच्या बोटाच्या टोकाला, अक्का उभी होती. कधी आली होती कोणास ठाऊक. लेक चढ चढून तिच्या पुढ्यात येऊन थांबली, तेव्हा अक्का म्हणाली, "पडलीस तेव्हा हसत काय होतीस?" लेक म्हणाली, "लागलं नाही म्हणून." अक्काने तिच्या गालावरचा चिखल पदराने पुसला आणि दुसरीकडे बघू लागली.

दलाल काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो लगेच म्हणाला, "मिस्त्री, मग ही शेळीच देऊन टाका की पोरीला. घरची गाडी घरात."

माझी टाकी अभिमानाने फुटायची बाकी होती. मला वाटले, आपला सोन्याचा दिवस आला. पण मिस्त्री म्हणाले, "नाही. ही नको."

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. ते माझ्या हँडलवर हात ठेवून, जणू माझीच माफी मागत असल्यासारखे बोलले. "हिचे सुटे भाग आता मिळत नाहीत. हिचं काही मोडलं की मी कानस घेऊन बसतो आणि घडवतो. तिकडे डोंगरात तुझ्याजवळ मी नसणार." मग अक्काची नजर त्यांच्यावर पडली आणि कोणती घ्यावी ते न सांगताच ते मला ढकलत गॅरेजाकडे निघाले.

भाचीची परतीची एसटी निघायची वेळ झाली होती. जाताना ती म्हणाली, "तोंडाने तुला जमत नाही, मामा, कागदावर लिही. आठवडाभर मी यांना थांबवते. त्यानंतर मिळेल ती घेणार. वाट बघत बसणं आता माझ्याच्याने होणार नाही."

मला वाईट वाटले नाही असे म्हटले तर खोटे होईल. त्या रिकाम्या गॅरेजात मी रुसून उभी होते. पण मग विचार केला: जो माणूस स्वतःच्या लाडक्या गाडीलाही ‘नको’ म्हणतो, त्याच्या ‘हो’ला किंमत असते. आणि तो माणूस मला लाडकी समजतो, हेही मला त्याच दिवशी कळले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी गॅरेजाचे अर्धे शटर ओढले, माझ्याजवळ स्टूल घेतले आणि माझ्या गादीवर कागद ठेवून लिहायला बसले. ओठ हलत होते, त्यामुळे मला सगळे कळले. त्यांनी लिहिले होते, ‘शेळीसारखीच घे, पण तिच्यापेक्षा तरुण. इंजिन लहान आणि वाऱ्याने थंड होणारं. दोन्ही तळवे जमिनीला टेकले पाहिजेत. नवी घेणार नसशील तर इंजिन गार असताना जा आणि आपल्यासमोर चालू करायला सांग. आधीच तापवून ठेवलेली असली तर काहीतरी लपवतायत, परत फीर. साखळीच्या चक्राचे दात झिजून टोकदार झालेत का बघ. एअर फिल्टर उघडून बघ. तो घाण असेल तर मालकही तसाच. ज्या गाडीचे सुटे भाग तुझ्या जवळच्या बाजारात मिळतात तीच घे, मग ती दिसायला कशी का असेना. सगळे पैसे गाडीत घालू नकोस. हेल्मेटसाठी बाजूला ठेव. लाल गाडी वाईट नाही, ती तुझी दुसरी किंवा तिसरी गाडी आहे. पहिली गाडी अशी हवी की तिच्याकडे बघावं लागू नये, रस्त्याकडे बघता यावं.’

एवढे लांबलचक ते जन्मात बोलले नसतील.

तेवढ्यात शटरखालून वाकून अक्का आत आली. मिस्त्रींनी कागद झाकला नाही, हे त्यांच्या हिशेबी मोठेच धाडस. अक्का म्हणाली, "वाच." त्यांनी वाचले. माझ्या पुढच्या चाकाकडे बघत तिने सगळे ऐकले. मग म्हणाली, "बुटांचं नाही लिहिलंस. काल तिचा घोटा चाकाखाली येता येता राहिला. घोट्याच्या वर येणारे बूट घे म्हणावं. आणि बूट मी देणार, ते तिच्या पैशात धरू नकोस."

मिस्त्रींनी बहिणीकडे पाहिले आणि पेन उचलले. कागदाच्या तळाशी तेवढी ओळ लिहिली.

मित्रांनो, मी काही शहाणी नाही. पण एवढे सांगते, पहिली गाडी घ्याल तेव्हा ती लहान आहे म्हणून लाजू नका. तिच्या साखळीला तेल द्या, फिल्टर धुवा, आणि पुढे मोठी गाडी घेतलीत तरी लहानीच्या गादीवर डबे ठेवू नका. कोणीतरी नवे शिकायला येईल तेव्हा ती उभी असलेली बरी.

मिस्त्रींनी हेल्मेट घातले, पत्र खिशात ठेवले आणि मला बाहेर काढले. टपालपेटी काही फार लांब नव्हती. अक्का बाजूने चालत होती, म्हणून मी तिच्या चालीने गेले. एकदाही न अडखळता. रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. बघोत बापडे.

पेटीपाशी मिस्त्रींनी पत्र फटीत अर्धे घातले आणि तसेच धरून राहिले. हात पुढे जाईना, मागेही येईना. अक्काने हात पुढे केला. मग म्हणाली, "दे इकडे," आणि तिने तळव्याने पत्र आत ढकलले.