होमकमिंग

ह्यांच्या पत्रात माझी चौकशी दोन ओळींत आटपायची आणि फूटबॉल चार पानं चालायचा. लग्नानंतर पाचच महिन्यांत हे अमेरिकेतल्या एका विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकायला गेले, त्याला तीन वर्षं झाली होती. मी इकडे डोंबिवलीत सासऱ्यांजवळ. तिथला संघ अठराशे त्र्याण्णवपासून खेळतोय, पहिला सामना जिंकेपर्यंत नव्या मुलांनी हिरवी टोपी काढायची नाही, जिंकल्यावर जुनी घंटा वाजवायची, हे सगळं मला पाठ झालं होतं. नवऱ्याला आता चहा किती गोड लागतो, ते मात्र ठाऊक नव्हतं.

दुपारी पत्र वाचता वाचता डोळा लागायचा आणि खिडकीबाहेरच्या भातखाचरांत सामना सुरू व्हायचा. नावाला फूटबॉल, पण सगळा हातांचा खेळ. सोललेल्या नारळासारखा लांबट चेंडू पोटाशी धरून एकानं पळायचं आणि बाकीच्यांनी त्याला आडवं पाडायचं. माझ्या स्वप्नात हे पळायचे आणि ह्यांना कुणीच पाडायचं नाही. कोवळं ऊन, कुठेतरी बँड, आणि हे माझ्याच दिशेनं येतायत, पण खाचर काही संपत नाही. जाग आली की त्या खेळाचा राग यायचा. पुन्हा झोप लागावी असंही वाटायचं.

१९५२च्या सप्टेंबरअखेर पत्र आलं. ‘अठरा ऑक्टोबरला होमकमिंग. तयारी जोरात आहे. गाडी सजवायचं काम माझ्याकडे आलंय.’ मी ते मामंजींना दाखवलं. माझे सासरे त्र्यंबकराव कल्याणच्या एका शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते, आणि इंग्रजी शब्दाचा अर्थ त्यांना विचारला नाही तर रुसायचे.

“होम म्हणजे घर, कमिंग म्हणजे येणं,” ते म्हणाले. “हरिहर घरी येतोय, नीला. ऐन दिवाळीत.”

“आणि गाडी?”

“बरोबर आणत असेल. अमेरिका आहे ती.”

शंका मला आली होती. चार यत्ता इंग्रजी मीही शिकले होते. पण मला हवं तेच मामंजी सांगत होते, मग हुज्जत कशाला घालायची? मी अनारशांचं पीठ केलं, गाद्यांना उन्हं दाखवली. गाडी आत यावी म्हणून मामंजींनी फाटकाजवळची कर्दळ उपटून टाकली.

अठरा तारखेला आम्ही दोघं सकाळपासून ओसरीवर बसलो. तो दिवस मला धुक्यातून पाहिल्यासारखा आठवतो. टांगा वाजला की मामंजी उठायचे, पुढे गेला की बसायचे. दिवेलागण झाली. मी पणत्या लावल्या आणि हात पोळून घेतला. “बोटीला उशीर झाला असेल,” मामंजी म्हणाले.

दिवाळी सरून दहा दिवसांनी पत्र आलं, बरोबर फोटो. कागदी फुलांनी मढवलेली मोटार, तिच्यावर कुणा नव्या मुलाची हिरवी टोपी घालून हसणारे हे. जरा जाड झालेले. होमकमिंग म्हणजे काय, ते या वेळी सविस्तर लिहिलं होतं. वर्षातून एकदा जुने विद्यार्थी सामन्याला विद्यापीठात परत येतात. ते त्यांचं घर. ‘पुढच्या वर्षी मीही जुना विद्यार्थी होऊन स्टँडवर बसेन. इथल्या एका कंपनीनं नोकरी देऊ केलीय.’

मामंजींनी पत्र दोनदा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाले, “माझी चूक झाली, पोरी. शब्द दोन्ही येत होते मला.”

मला त्यांची इतकी दया आली की स्वतःचं रडू राहूनच गेलं. मी दौत-टाक घेतला. तीन वर्षं मी ह्यांना लिहीत होते की इकडे सर्व क्षेम आहे, काळजी नसावी. त्या दिवशी नाही लिहिलं.

‘पुढच्या होमकमिंगला मला तिकडे न्या, नाहीतर तुम्ही इकडे या. स्वप्नात येत जाऊ नका.’

पत्र टाकण्याआधी मामंजींच्या हातात दिलं. शेवटच्या वाक्याशी ते थबकले. मला वाटलं, खोडायला सांगतील. त्यांनी टाक मागितला आणि माझ्या सहीखाली आपलीही सही केली.