कुंकू लागलेला कठडा

“आधी राख काढ, मंग याले फडक्यानं पुस. अन् याच्यावर पाय नको ठेवू, पोरी.”

बंगल्याचा खानसामा धावजी हे सांगत होता. समोर परकरातली मानी उभी होती, हातात राखेचं घमेलं. थोड्याच वेळापूर्वी साहेब माझ्यावर बूट टेकवून चहा पिऊन गेले होते. मानीने माझ्यावरची बुटांची माती पाहिली, धावजीकडे पाहिलं आणि मला पुसायला घेतलं.

मित्रांनो, मी एक जुना पितळी कठडा आहे. विलायतेत थंडी फार, म्हणून तिथल्या घरांत भिंतीतच चूल बांधतात आणि तिच्यापुढे माझ्यासारखा बुटका कठडा ठेवतात. निखारा उडाला तर मी तो अडवायचा, सतरंजीपर्यंत जाऊ द्यायचा नाही, एवढंच माझं काम. कापूस खरेदी करणाऱ्या एका गोऱ्या कंपनीने महागावच्या अलीकडे कापसातली सरकी काढायचा कारखाना, म्हणजे जिन, काढला, शेजारी बंगला बांधला आणि साहेबाला गावाची आठवण येऊ नये म्हणून भिंतीत चूलही बांधली. चिमटा, सळई, कोळशाची बादली आणि मी असे आम्ही एकाच पेटीतून, गवतात गुंडाळून आलो. इथल्या उन्हाला आमचं काय काम, असं सगळे हसत. पण पौषात पहाटे दात वाजायचे, तेव्हा हसणारेच आमच्यापुढे येऊन हात शेकायचे.

साहेब गेले. बंगल्यात कंपनीचे मॅनेजर राहू लागले. मानीची मानीबाई झाली, तांड्यावरून जिनात कामाला येऊ लागली. कापूस यंत्रात घातला की सरकी वेगळी होते आणि रुई वेगळी. ती रुई पाटीत भरून बायका डोक्यावरून नेत. त्यांच्या केसांत, भुवयांत, नाकात पांढरा तंतू बसायचा. मानीबाई म्हणायची, “आमी तं जवानीतच म्हाताऱ्या झालो वं, इंदुताई.”

इंदुताई ही जिनाचे स्टोअरकीपर नीळकंठराव यांची बायको. सोमवार, प्रदोष, चतुर्थी, सगळं धरणारी. बोलणं इतकं हळू की दारातली मांजरही हलायची नाही.

एका हंगामात कापसातून एक खडा यंत्रात गेला. ठिणगी पडली, रुईच्या ढिगाने पेट घेतला आणि मानीबाईची जोडीदारीण हंसाबाई त्यात गेली. पुढच्या हंगामाच्या मुहूर्ताला बायका जिनाच्या दारात थिजून उभ्या होत्या. मानीबाई बंगल्यात आली, माझ्यापुढे बसली आणि म्हणाली, “याच्या म्होरं आग कवाच आली नाही. लहानपनापासून पाहून राह्यली मी.” पहिल्या रुईची वात वळून तिने दिवा लावला, मला हळदकुंकू वाहिलं, मग बायका आत गेल्या.

तेव्हापासून दरवर्षी तसंच. मी निखारे अडवणारं एक पितळ होतो, त्यांनी मला राखणदार केलं. खरं सांगतो, मला त्याची लाज वाटायची. जिनातली आग मी कुठे अडवली होती? पण त्या बायका भीती माझ्यापाशी ठेवून कामाला जायच्या. तेवढी ती सांभाळायची, असं मी ठरवलं.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. अळीने बोंडं पोखरली, भाव पडले, ज्या फाटकापुढे बैलगाड्यांची रांग लागायची तिथे तरोट्याचं तण उगवलं. एका वर्षी मुहूर्तच झाला नाही. पुढच्या वर्षीही नाही. बंगल्याच्या चुलीत कबुतरांनी घर केलं. मानीबाईची छाती रुईने भरली होती, ती खाटेला लागली. तरी इंदुताई अमावस्येला माझ्यापुढे दिवा लावून जायची, कारण मानीबाईने तिला तेवढंच मागितलं होतं.

आणि एक दिवस फाटकावर लिलावाचा कागद लागला.

यंत्रं भंगारात जाणार होती. बंगल्यातलं सामान वेगळं विकणार होते. मला तांड्यावर न्यायचं, मानीबाईच्या खाटेसमोर ठेवायचं, असं इंदुताईने ठरवलं. भंगाराचा धंदा करणारा लखीराम मानीबाईचा पुतण्या. तो म्हणाला होता, “फिकर नका करू. पितळेच्या भावात मी बोली लावतो, बाहेरचा कोणी एवढ्यासाठी येत नाही. काकीच्या घरी आणून देतो.”

लिलावाच्या सकाळी इंदुताई सगळ्यांच्या आधी आली. सोमवार होता, तोंडात पाण्याचा थेंब नव्हता. तिने मला चिंचेने घासलं, हळदकुंकू लावलं आणि हळूच म्हणाली, “मानीबाईला शब्द देऊन आले. ती म्हणाली, आला तरी तूच सांग, गेला तरी तूच सांग, दुसऱ्याच्या तोंडून ऐकवू नको. आज घरी जायचं हं आपल्याला.”

आम्हाला पडवीत मांडलं. लखीराम आला, वाकून मला पाहिलं आणि दोन पावलं मागे सरला.

“हे काय केलं तुमी, इंदुताई?”

“काय केलं? जाताना हळदकुंकू लावलं.”

“आता मी बोली कशी लावू? माह्या धंद्यात घेनं म्हनजे तराजूत टाकनं. माह्या बापानं पुजलेल्या वस्तूले कवा काटा लावला नाही. मले सांगूनच गेला तो.”

“अरे, पण तू मोडणार थोडाच आहेस? तिलाच तर द्यायचाय.”

“मले मालूम हाय. पन बोली तं भंगाराचीच लागन नं. देवाले भंगार म्हनू काय?”

इंदुताईने पदराचं टोक हातात घेतलं. मला वाटलं, ती कुंकू पुसेल. तिचा हात माझ्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. कुंकू पुसणं तिच्या हातून होण्यासारखं नव्हतं.

“नका पुसू,” लखीराम खाली पाहत म्हणाला. “ते तं आनखीनच वाईट.”

एवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, “हो, राहू द्या ना मावशी. पुजलेली वस्तू गिऱ्हाइकाला आवडते.” तो पियूष होता, जुन्या वस्तूंचा व्यापारी, पुण्याहून खास भिंतीतल्या चुलींचं सामान घ्यायला आलेला. बोलायला अगदी गोड. आमच्यासारखे कठडे आता मोठ्या हॉटेलांत शोभेला ठेवतात, असं तो कोणाला तरी सांगत होता.

लिलाववाल्याने पुकारा केला. लखीराम मागेच उभा राहिला. नीळकंठराव चष्मा पुसत राहिले. शेवटी इंदुताईच बोलली, इतकी हळू की लिलाववाल्याने विचारलं, “कोण बोललं?” तिने पुन्हा बोली लावली. पियूषने चढवली. तिने पदराची गाठ चाचपली, एकदाच वाढवली. पियूषने पुन्हा चढवली, तिच्याकडे न बघता. गाठीत आता तेवढे पैसे नव्हते.

“दादा,” ती नंतर त्याला म्हणाली, “एक बाई आहे तांड्यावर. तिला एकदा दाखवून नेता का?”

“नेला असता हो मावशी. पण गाडी आज नागपूरला पोचवायची आहे.” तो खोटं बोलत नव्हता.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी वस्तू आली तर ती चकचकीत ठेवाच. पण ती कोणाच्या समोरून उचलून आणली, हेही एकदा विचारा. माझं पितळ पुसणारे पुष्कळ भेटतील. मला विचारणारं कोणी भेटेल असं आता मला वाटत नाही.

मला गोणपाटात गुंडाळून टेम्पोत ठेवलं. फटीतून दिसत होतं. नीळकंठराव म्हणत होते, “अगं, सांग तिला, लखीरामनं घेतला, दुकानात ठेवलाय. किती दिवस उरलेत तिचे? सुखानं जाईल.”

“मलाही तेच सांगावंसं वाटलं होतं,” इंदुताई म्हणाली.

“मग?”

“शब्द दिलाय हो.”

“उद्या जा. उपाशी आहेस, ऊन बघ केवढं आहे.”

तिने हाताची हळद पदराला पुसली, पदर डोक्यावर घेतला, चपला घातल्या आणि तांड्याच्या पायवाटेला लागली.