कॅप्टन रीडेलची बडतर्फी

रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाल्यावर राजेंद्र गजभियांनी जर्मन शिकायला घेतलं, तेव्हा लंडनच्या इल्फर्डमधले मित्र हसले होते. सहा वर्षांत ते जुन्या प्रशियन पलटणींचे कागद वाचू लागले, आणि त्या कागदांत त्यांना योहान रीडेल सापडला.

रीडेलचा बाप मेलेली जनावरं ओढून न्यायचा, त्यांची कातडी सोलायचा. अडीचशे वर्षांपूर्वी त्या मुलखात असल्या माणसाचं घर गावाबाहेर असे, गुत्त्यात त्याचा पेला वेगळा ठेवत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा राजेंद्रांनी शब्दकोश काढून तो शब्द पुन्हा तपासला. त्यांच्या आज्यानं भंडाऱ्याकडे हेच काम केलं होतं.

सतराव्या वर्षी रीडेल घरातून पळाला आणि गिरणीवाल्याचा मुलगा असल्याचं सांगून घोडदळात भरती झाला. युद्ध सात वर्षं चाललं. एका लढाईत तुकडीचे अधिकारी पडले, स्वार पळत सुटले. रीडेलनं त्यांना वळवून पुन्हा शत्रूवर घातलं. डाव्या हाताची दोन बोटं तिथंच गेली. त्याला कॅप्टन केलं. मग तह झाला, आणि राजाला अधिकारी खानदानीच हवेसे झाले. कुळांची चौकशी लागली. रीडेलच्याच गावाकडच्या एका हवालदारानं त्याचा बाप कोण ते सांगून टाकलं. सात वर्षं ज्यांच्या पंगतीला तो बसला होता, त्यांनी त्याची थाळी फोडली आणि त्याला पलटणीतून काढलं.

हे सगळं सांगायला राजेंद्र त्या रविवारी दुपारी स्टॅनमोरला निघाले होते. व्याही सतीश कर्वे तिथून जवळच पिनरला राहत. त्यांच्या मराठी मंडळानं स्टॅनमोरच्या हॉलमध्ये व्याख्यान ठेवलं होतं. मुलगा प्रणय गाडी चालवत होता. त्याची बायको ऋजुता लहान अन्वीला घेऊन आधीच माहेरी गेली होती.

"बाबा, एक रिक्वेस्ट आहे," तो म्हणाला. "ते कातड्याचं नको. लढाई सांगा, बोटं सांगा. लोकांना आवडेल."

"अरे, त्याच्या आयुष्याचा कणाच तो आहे."

"हो, पण मग कोणीतरी विचारणार, तुम्हाला यात इंटरेस्ट कसा. ऋजुताचे सगळे नातेवाईक असणार तिथे. अन्वी पण तिथंच मोठी होतेय. प्लीज."

हॉलच्या दारावर कागद लावला होता: वक्ते, श्री. राजेंद्र राज. प्रणयनं ऑफिसात गजभिये टाकून राज लावलं होतं ते त्यांना ठाऊक होतं. गोऱ्यांना उच्चारता येत नाही, असं त्यानं सांगितलं होतं. इथं एकही गोरा नव्हता.

"या या, राजेंद्रराव," सतीशराव हात जोडून पुढं आले. "हाउसफुल आहे बघा."

राजेंद्र उभे राहिले. पहिल्या रांगेत अन्वी आईच्या मांडीवर बसून आजोबांकडे बघून हात हलवत होती. त्यांनी टिपणाचं पहिलं पान उलटं ठेवलं आणि म्हणाले, "योहान रीडेल हा एका गिरणीवाल्याचा मुलगा."

लढाई त्यांनी झकास रंगवली, बडतर्फी एका वाक्यात उरकली. लोक पुढं सरकून ऐकत होते. शेवटी अनुष्का नावाच्या एका मुलीनं हात वर केला. ती इथंच जन्मलेली, मराठी अडखळत बोलणारी.

"काका, पण एवढा ब्रेव्ह होता, तर त्याची... त्याला का काढलं?"

प्रणय मागं भिंतीला टेकून त्यांच्याकडेच बघत होता.

"दारू," ते म्हणाले. "लढाईनंतर दारूच्या आहारी गेला. शिस्तीचा प्रश्न झाला."

"ओह. सॅड," ती म्हणाली. टाळ्या झाल्या.

"मस्त झालं, बाबा," परतताना प्रणय दोनदा म्हणाला.

घरी बायकोनं, सिंधूबाईंनी, चहा ठेवला आणि कसं झालं ते विचारलं. राजेंद्रांनी सगळं सांगितलं, दारूचंही.

"अहो, थेंबाला शिवत नव्हता म्हणून सांगत होते ना तुम्ही?"

"शिवत नव्हता. तसा शेराच आहे पलटणीच्या अहवालात."

सिंधूबाईंनी गॅस बंद केला. "त्याला काढणाऱ्यांनीही त्याला दारुडा म्हटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "ते तुम्ही म्हटलं."

दोन दिवस राजेंद्र धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मंडळाला ईमेल लिहिली. रीडेलचा बाप कोण होता, त्याला कशासाठी काढलं, परत घ्यावं म्हणून त्यानं राजाला अकरा अर्ज केले आणि एकाचंही उत्तर आलं नाही, शेवटी तो जकातनाक्यावर पहारा करत मेला आणि शवपेटीला खांदा द्यायला कोणी पुढं येईना म्हणून बायकोनं ती बर्फावरून घसरगाडीवर ओढत नेली, हे सगळं लिहिलं. आपण खोटं बोललो, हेही लिहिलं. का बोललो, ते चार ओळींत, आज्याच्या कामासकट. खाली पूर्ण नाव घातलं आणि ही ईमेल सर्व सभासदांना पाठवावी अशी विनंती केली.

आठवडाभर काहीच आलं नाही. मग त्यांनी सतीशरावांना फोन केला.

"वाचली हो," सतीशराव मऊ आवाजात म्हणाले. "पण झालं गेलं. कशाला उगाच? लोकांना कार्यक्रम आवडला."

"निदान त्या अनुष्काचा पत्ता तरी द्या. तिला एकटीला कळवतो."

"डेटा प्रोटेक्शन आहे ना, राजेंद्रराव. देता येत नाही."

संध्याकाळी प्रणयचा फोन आला. "तुम्ही मला एकदा विचारायचं तरी होतं. ऋजुताच्या घरी काय वातावरण आहे, कल्पना आहे तुम्हाला?"

"चूक काय लिहिलंय मी त्यात?"

"तो पॉइंट नाहीये, बाबा."

त्या रविवारी अन्वीला स्विमिंग होतं, म्हणून प्रणय आणि ऋजुता नेहमीसारखे इल्फर्डला आले नाहीत. पुढच्या रविवारी कोणाचा तरी बर्थडे होता. त्याच्या पुढच्या रविवारी सिंधूबाईंनी फोन लावला, तो उचलला गेला नाही. राजेंद्रांनी अनुष्काला शोधायला मंडळातल्या आणखी दोघांना विचारून पाहिलं. दोघंही कळवतो म्हणाले.