आभागुरूंची सिद्ध काच

दुबईच्या अल क्वोज भागातल्या त्या गोदामात रविवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे कोचांवर दुबई-अबुधाबीतली मराठी कुटुंबं, अत्तर लावून, हात जोडून. मागे जमिनीवर बांधकामाच्या साइटवरून थेट आलेली कोकणातली माणसं. सगळ्यांचे डोळे मंचावरच्या लाकडी कॅमेऱ्यावर खिळलेले. बाजाच्या पेटीएवढा मोठा, भाता असलेला जुना कॅमेरा, तिपाईवर उभा. त्याला झेंडूचा हार घातला होता.

या कॅमेऱ्यात म्हणे माणसाची आभा दिसते. काळ्या पडद्यापुढच्या स्टुलावर बसायचं, गुरुजींनी दिलेली पांढरी शाल पांघरायची. घरच्या माणसाने कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडाखाली डोकं घालून दुधी काचेवर बघायचं. तिथे आपलं माणूस उलटं दिसायचं आणि त्याच्याभोवती चांदण्यासारखा उजेड पसरलेला असायचा. बघणारा डोळे पुसतच बाहेर यायचा.

"मनुष्य संसारात उलटा लटकलेला आहे!" आभागुरू विघ्नेशजी माइकवरून सांगत होते. "म्हणून या दिव्य यंत्रात तो उलटा दिसतो. जो उलट्यात उजळला, तो सुलटा झाला! बॉडी इज ओन्ली बॅटरी. आभा इज करंट!"

टाळ्या पडल्या. भात्याच्या कुठल्याही कॅमेऱ्यात म्हैससुद्धा उलटीच दिसते, हे तिथे सांगणार कोण? हा गृहस्थ पूर्वी दुबईच्याच देरा बाजारात पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा. तोंड तेच राहिलं, माल बदलला.

मी भक्त म्हणून गेले नव्हते. जुन्या लेन्स दुरुस्त करणं हा माझा धंदा आणि माझं दुकान त्याच भागात. कॅमेऱ्याचं शटर अडकलं होतं, दर्शन थांबलं होतं, म्हणून तर प्रवचन लांबलं होतं. गुरुजींचा मदतनीस अबरार मला बोलवायला धावत आला होता.

"मॅडम, यल्ला, जल्दी! पब्लिक बैठी है. सिर्फ शटर देखना. काच को हाथ नहीं लगाना, गुरुजी का ऑर्डर है."

म्हणजे दातांच्या डॉक्टरला बोलवायचं आणि तोंड मात्र उघडायचं नाही!

मंचाकडे जाताना पहिल्या रांगेत प्रमोदिनीवहिनी दिसल्या. माझ्या थोरल्या भावाची बायको. अबुधाबीत अल रीम आयलंडवर घर, बँकेत मोठी नोकरी. शेजारी त्यांची तेरा वर्षांची रुचा. रुचाला लहानपणापासून टाइप वन मधुमेह आहे. तिचं शरीर इन्सुलिन बनवत नाही, ते रोज टोचावंच लागतं.

पोरीचा चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले, पायाशी पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. मी जवळ वाकले तर तिच्या श्वासाला पिकून सडलेल्या फळासारखा वास येत होता, इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचत असल्याची खूण.

"वहिनी, हिने इन्सुलिन घेतलंय ना?"

"कालपासून बंद," वहिनी हसून म्हणाल्या. "आभा वाढतेय गं तिची. दर खेपेला जास्त. गुरुजी म्हणाले, आजच्या दर्शनानंतर सुईची गरजच नाही."

"दादाला माहितीये?"

"ते मस्कतला आहेत. आल्यावर त्यांना सरप्राइज."

"उठा वहिनी. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल."

"दर्शन झाल्याशिवाय मी हलणार नाही. आणि इथे तमाशा नकोय मला, पर्णिका."

"आय ॲम ओके, आत्या," रुचा पुटपुटली. "जस्ट थर्स्टी. आय हेट द नीडल्स."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दारापाशी जाऊन मी आधी ॲम्ब्युलन्स बोलावली. ती यायला वेळ लागणार होता, आणि आली तरी वहिनी मुलीला पाठवतील याची खात्री नव्हती. मी मंचावर चढले.

लेन्सचा पुढचा भाग फिरवून काढला आणि सगळा प्रकार लक्षात आला. जुन्या भिंगावर वयानुसार येणारा धुरकटपणा एकसारखा, करडा असतो. इथे आतल्या बाजूला बोटाने गोल फिरवलेला चिकट थर होता. व्हॅसलीन! तेही ताजं. इथल्या उन्हाळ्यात गाडीत कॅमेरा तापला, व्हॅसलीन पातळ होऊन शटरच्या पात्यांवर उतरलं आणि पाती एकमेकांना चिकटली. गुरुजींच्या सिद्धीनेच गुरुजींचं दर्शन बंद पाडलं होतं.

"ताई, काच सिद्ध केलेली आहे," विघ्नेशजी माझ्या कानाशी कुजबुजले. "पुसलीत तर पाप लागेल."

"नाही पुसत."

मी फक्त पाती स्पिरिटने साफ केली. शटर उघडलं. काच होती तशीच परत बसवली. "टेस्ट घेऊ या. रुचा, ये बाळा."

रुचा शाल पांघरून स्टुलावर बसली. वहिनींनी कापडाखाली डोकं घातलं. "अगंबाई, केवढी आभा! पर्णिका, बघ तरी!"

"बघू. रुचा, आता तू इकडे येऊन बघ. तुझ्या जागी काय ठेवू, तूच सांग."

रुचाने इकडेतिकडे पाहिलं. मंचाच्या कोपऱ्यात सफाईवाल्याने बादलीत मॉप उभा करून ठेवला होता. तिने तिकडे बोट दाखवलं. मी बादली उचलून स्टुलावर ठेवली, मॉपला शाल गुंडाळली. रुचा कापडाखाली शिरली. आतून आवाज आला, "मम्मा, द मॉप हॅज माय ऑरा."

मागच्या रांगांत हशा पिकला. वहिनींनी लेकीला बाजूला करून स्वतः पाहिलं. बाहेर येऊन त्या मॉपवरची शाल उलटसुलट करून बघू लागल्या.

विघ्नेशजी मात्र डगमगले नाहीत. "शालीत मुलीचीच आभा उतरली आहे! शाल वाहक आहे. मॉप इज ओन्ली रिसीव्हर!"

"मग काच पुसून मुलीलाच पुन्हा बसवू," मी म्हणाले.

"खबरदार!" विघ्नेशजी कॅमेऱ्याच्या आडवे आले. कोचावरची एक बाई किंचाळली, "हिला बाहेर काढा! नास्तिक मेली!"

तेवढ्यात मागून एक फोरमन उठला. भिकाजी त्याचं नाव. कंबरदुखीसाठी तो महिनाभर इथे येत होता. "पुसूंदेत की तिका," तो म्हणाला. "देवाची काच आसात तर पुसल्यान काय जातला?" त्याच्याबरोबर त्याच्या साइटची माणसंही उठली. विघ्नेशजींना बाजूला सरकावं लागलं.

भिंग कधी कोरड्या फडक्याने घासायचं नसतं, धुळीचे कण ओरखडे काढतात. मी रबरी पंपाने धूळ उडवली, मऊ ब्रश फिरवला, मग लेन्सच्या कागदावर स्पिरिटचे थेंब घेऊन मधून कडेकडे पुसत गेले. जीव घाईला आला होता, पण एकही पायरी सोडली नाही. बिचाऱ्या लेन्सचा काय दोष?

रुचा तीच शाल घेऊन पुन्हा बसली. वहिनींनी पाहिलं. काळा पडदा, पांढरी शाल आणि एक गळून गेलेली मुलगी. डोळ्यांखालची काळी वर्तुळंसुद्धा स्वच्छ दिसत होती.

"काळ्यापुढे पांढरं, वर झगझगीत दिवा आणि लेन्समध्ये व्हॅसलीन," मी माइक हातात घेऊन सांगितलं. "चिकट थरावर उजेड विखुरतो आणि पांढऱ्या वस्तूभोवती पसरतो. दर खेपेला दिवा थोडा वाढवला, की आभा वाढली. एवढीच सिद्धी!"

दिव्याचं बटण अबरारच्या पायाशी होतं. त्याने पाय मागे घेतला.

इतक्यात रुचाला उलटी झाली आणि ती स्टुलावरून कलंडली. वहिनींनी तिला झेललं. दारात ॲम्ब्युलन्सची माणसं आली होती. वहिनी लेकीला कवेत घेऊन गर्दी कापत गेल्या आणि त्यांना म्हणाल्या, "शी इज डायबेटिक. कल से इन्सुलिन नहीं दिया. मैंने नहीं दिया."

रुचा वाचली. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टर मरियम यांनी वहिनींना स्पष्ट सांगितलं की आणखी उशीर झाला असता तर मुलगी हाती लागली नसती. दादा मस्कतहून आल्यावर आम्ही पोलिसांत तक्रार दिली. साक्षीला भिकाजी आणि त्याची माणसं आली. कोचावरचं कुणीही आलं नाही. त्यातले काही जण अजून म्हणतात की माझ्या अपवित्र हाताने आभा गेली.

म्हणोत. मी त्यांच्याशी गोड बोलणार नाही. आजार रक्तात असतो, तो रक्त तपासूनच कळतो. काचेवरच्या उजेडाने साखर उतरत नाही. डॉक्टरांचं पटलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, प्रश्न विचारा, भांडा. पण समोरचा माणूस कितीही गोड बोलो, कितीही तेजस्वी दिसो, त्याने मुलाचं औषध बंद करा म्हटलं, की त्याच क्षणी मुलाचा हात धरा आणि निघा. चपला सापडल्या नाहीत तर अनवाणी निघा.