त्याची सही

मंजुळेनं चष्मा पुसला, परत पुसला, आणि मूळ पुस्तकात कुठंच नसलेलं पान सासऱ्यांना वाचून दाखवायला घेतलं.

"‘म्हाताऱ्यानं करारावर सही केली. मुलानं त्याचा हात हातात घेतला.’"

समोर खाटेवर महिपत डोळे मिटून ऐकत होते. जर्मनीच्या उत्तरेला, फ्रिझियाच्या किनाऱ्यावर घडणाऱ्या तीन कादंबऱ्या मंजुळेकडं अनुवादाला आल्या, तेव्हापासून दुपारची ही बैठक ठरलेली. तिला भाषा यायची, पण समुद्र अडवून केलेली शेती तिला कुठं ठाऊक! महिपतांचा सगळा जन्म मुर्ध्याच्या खाडीकाठी त्यातच गेलेला. बांधातल्या दाराला तिनं ‘जलद्वार’ लिहिलं, तेव्हा ते खो-खो हसले होते.

"देवळाचं हाय काय गो? उघाडी म्हण, उघाडी! ओहोटीला उघडायची, पावसाचं पानी भाईर जातं. भरतीला बंद. खारं आत येत न्हाय."

दोन पुस्तकं अशी मजेत पार पडली. तिसऱ्यानं घात केला. त्यातल्या म्हाताऱ्याकडं बांधाआतला शेवटचा तुकडा, आणि मुलांना तो विकायचा. महिपतांकडंही तशीच दोन एकर. बिल्डरचा माणूस उद्या सकाळी सहीला येणार, आणि म्हातारबुवांच्या तोंडून हो नाही की नाही नाही. काल जेवताना तिच्या नवऱ्यानं, भूपेशनं, हळूच विषय काढला होता.

"मंजू, बाबा आता फक्त त्या पुस्तकातल्या म्हाताऱ्याचं ऐकतायत. त्याला सही करायला लाव ना. जर्मनीहून कोण चेक करायला येतंय?"

ती त्याच्यावर भडकली होती. पण दोन खोल्यांत पाच माणसं, आणि तिचं लिहिण्याचं टेबल म्हणजे गॅसशेजारचा ओटा. नवं घर तिलाही हवं होतं, अगदी जीव तुटेल इतकं. सकाळी भाजी चिरून झाल्यावर तिनं ते पान रचलं. आता ते वाचताना मात्र ती कागदावरून नजर वर उचलत नव्हती.

"‘मग तो बांधावर गेला. भरतीचं पाणी चढत होतं. त्यानं शेवटची उघाडी उघडली आणि समाधानानं आत येणारं पाणी बघत राहिला.’"

महिपतांनी डोळे उघडले.

"परत वाच."

तिनं वाचलं.

"भरतीला उघडली? उभ्या पिकात खारं घेतलं? जमीन इकली तरी असा मानूस असं करनार न्हाय. हात कापंल त्याचा." ते उठून बसले. "तीन पुस्तकांत त्या लिवनाऱ्यानं एक भरती चुकवली न्हाय. हे तुझं हाय."

मंजुळेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हो, बाबा. माझंच आहे."

"मग खरं काय हाय त्यात?"

तिनं मूळ पुस्तक उघडलं आणि थेट जर्मनवरून, अडखळत सांगितलं. म्हातारा सही करत नाही. मुलं रागानं गाव सोडून जातात, परत येत नाहीत. शेवटच्या पानावर तो एकटाच बांधावर ओहोटीची वाट बघत बसलेला असतो.

महिपतांनी पुस्तक मागून घेतलं आणि ते शेवटचं पान तळहातानं सपाट केलं. रस्त्यावरून सिमेंटचा मिक्सर धडधडत गेला, तशी खिडकीची काच हादरली. तिनं माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच गप्प केलं.

"भूपेशला फोन कर. उद्या त्या मानसाला येऊ दे म्हनावं."

"बाबा, माझ्यामुळं नका हो..."

"ते पान फाड आधी," महिपत म्हणाले. "माजी सही मी करीन गो. त्याची तू करू नको."