उजव्या बाजूची पहिली पट्टी

मी ढाल बोलतेय. तलवारीचा घाव वगैरे मी कधी झेललेला नाही. मी ओकच्या लाकडाची, भिंतीवर टांगायची ढाल. विद्यापीठांच्या एका आइस हॉकी लीगमध्ये उत्तर गटाचा विजेता आणि दक्षिण गटाचा विजेता दर मार्चमध्ये माझ्यासाठी खेळतात. सध्या मुक्काम बर्मिंगहॅमच्या एका किटरूममध्ये, ओल्या पॅड्सच्या ढिगामागे. वासाचं विचारू नका.

लीड्सच्या एका सुताराने मला घडवलं. डावीकडे उत्तरेच्या विजेत्यांची नावं कोरलेल्या पितळी पट्ट्या, उजवीकडे दक्षिणेच्या, मध्ये एक रेघ. दोन्हीकडे सारख्या भरतील असं बिचाऱ्याला वाटलं असणार. डावीकडे नऊ झाल्या तरी उजवीकडे नुसतं लाकूड. उत्तरेच्या टीम्समध्ये लहानपणापासून बर्फावर वाढलेली मुलंमुली. दक्षिणेत निम्म्यांनी स्केट्स पहिल्यांदा घातलेले तेच मुळी विद्यापीठातल्या पहिल्या आठवड्यात, फ्रेशर्स वीकमध्ये. मला त्या रिकाम्या बाजूची लाज वाटायची.

आमच्यात एक रीत आहे. जिंकलेल्यांची पट्टी हरलेल्या कॅप्टनने स्वतःच्या हाताने बसवायची. सलग तीन वर्षं हे काम अक्षराकडे आलं. अक्षरा केंब्रिजच्या एका छोट्या टीमची कॅप्टन, नागपूरहून रिसर्चला आलेली, स्केटिंग इंग्लंडात आल्यावरच शिकलेली. दक्षिणेत दरवर्षी पहिली यायची आणि फायनलला मार खायची. तरी स्क्रू अगदी सरळ बसवायची, मग बाहीने पट्टी पुसायची. तिसऱ्या वर्षी दोन-अकराने हरल्यावर तिने माझ्या उजव्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि स्वतःशीच म्हणाली, "एकदा तरी." तेव्हापासून मी तिची झाले, तिला माहीत नसताना.

त्या उन्हाळ्यात लीगच्या मीटिंगमध्ये तिनेच ठराव मांडला. दोन गटांत काही तोल उरलेला नाही, बर्मिंगहॅमच्या तगड्या टीमला उत्तरेतून दक्षिणेत घ्या. भली मोठी स्प्रेडशीट दाखवली. ठराव पास झाला. आता त्यांच्याशी आपल्यालाच आधी खेळावं लागणार, हे तिला कळत होतं. पण वर्षभर त्यांच्याशी खेळून आपणही सुधारू, असं तिला वाटलं.

गटाच्या सेमीफायनलला बर्मिंगहॅमने तिच्या टीमला सहा-शून्यने हरवलं. मग फायनलमध्ये उत्तरेलाही. उजवीकडे पहिली पट्टी बसली. उत्तरेच्या कॅप्टनने रागारागात बसवली, तिरकी. अक्षरा मॅच बघायला आली होती. बर्मिंगहॅमची गोलकीपर तनिषा, तिथेच जन्मलेली, मला घेऊन तिच्याकडे गेली आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली,

"ऑनेस्टली, इट्स युअर्स. तू नसती तर हा ढाल साउथला आलाच नसता."

"नाही गं. यू वन इट. मी फक्त लाइन सरकवली."

"फोटोमध्ये तरी ये ना."

"नको. तुमच्या टीमचा आहे तो."

तिने मला हातही लावला नाही.

तनिषाच्या टीमलाही माझं फारसं कौतुक नाही. त्यांच्या चार पट्ट्या डावीकडे आधीच आहेत. आपण दक्षिणेचे, हे त्यांना अजून पटलेलं नाही. म्हणून मी भिंतीवर नाही, इथे. दार उघडतं, बॅगा आदळतात, दार बंद होतं. दिवसच्या दिवस असेच जातात आणि मला करमत नाही.

ऑक्टोबरमध्ये तनिषा फोनवर नव्या मॅचेसची यादी वाचत होती. अक्षराच्या टीमचं नाव यादीत नव्हतंच. तिचा रिसर्च संपला, ती परत गेली, आणि पुरेसे खेळाडू जमले नाहीत म्हणून टीम बंद झाली. "ओह, दॅट्स सॅड," तनिषा म्हणाली आणि हेल्मेट शोधायला लागली.

आता सगळे म्हणतात, गट कसे बरोबरीचे झालेत, यंदाची फायनल अटीतटीची होईल. होऊ दे. मला टेबलावर ठेवतील, फोटो काढतील, कुणीतरी जिंकेल. अक्षरा, उजवीकडे कुणाचंही नाव मला चाललं असतं असं तू धरून चाललीस. मला तुझ्याच टीमचं हवं होतं गं, आणि तेवढं तुला सांगायचं राहून गेलं.